पंचफुलाच्या पायाखालची वाळू

भट्टीतून मातीची मूस बाहेर आली तेव्हा लकडगंजातल्या चारपाचशे माणसं एकदमच पुढे सरकली. अंगारबाबाने सांडशीने ती मूस सागाच्या ओंडक्यावर उपडी केली, दोनदा ठोकली, आणि वाळू सांडायच्या जागी एक हिरवट, रसरशीत थेंब ओघळून पडला. सुपारीएवढा. ओंडका चरचरला, धूर निघाला, आणि धूर विरतो न विरतो तोच तो थेंब निवून डोळ्यासारखा चकाकू लागला.

"देखो! चेटकिणीचा डोळा!" बाबा गरजला. "बाबा नहीं बोलता, रेत बोलती है! पापी पायाखाली वाळूसुद्धा रडली रे!"

पहिला दगड चौकीदार रुपरावाने मारला. तो बांगड्या भरणाऱ्या पंचफुलाच्या कानशिलावर बसला आणि ती गुडघ्यावर आली. दुसरा कुणी मारला ते सांगता येत नाही. पहिल्या दगडाला मालक असतो, दुसऱ्यापासून पुढचे सगळे बेवारस. फळ्या चालल्या, पायताणं चालली. कालच तिच्याकडून उधारीवर चुडा भरून घेतलेल्या एका बाईने सागाच्या सालपटाने तिची दोन्ही मनगटं ठेचली. बांगड्या फुटल्या, काचा कातड्यात घुसल्या, आणि रक्त थेट पायाखालच्या परातीतल्या वाळूवर पडलं. मग तिला केसांनी ओढत नेऊन ओंडक्याला बांधलं.

रस्त्यापलीकडे म्युनिसिपालिटीच्या मुलींच्या शाळेच्या ओसरीवर कुसुमताई मास्तरीण उभ्या होत्या. त्यांच्या मागे दुसरीच्या एकोणीस मुली. कुसुमताईंचे वडील महादेवराव या गंजात तीस वर्षं मापारी होते. आलेल्या प्रत्येक ओंडक्याचा घेर आणि लांबी मोजून ते सांगायचे, आणि त्यावर भाव ठरायचा. मुलीला शाळा शिकवली, पण डोळा मापाऱ्याचाच राहिला. माणूस दिसला की बाई मनातल्या मनात दोरी लावायच्या. बाबा आला त्या दिवशीच त्यांना वडिलांचं बोलणं आठवलं होतं, "पोरी, ओंडका ठोकून पाह्य. पोकळ असला की जास्त वाजते."

बाबा वाजत तर खूपच होता. त्या वैशाखात गंजातल्या तीन टाली, म्हणजे लाकडाच्या वखारी, जळाल्या होत्या. लाकडाचा ढीग, भुशाचा ढीग, वर नागपूरचं ऊन. आग का लागते याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको होतं. पण सगळ्यात मोठ्या टालीचे मालक चंपतराव लांबच गेले आणि हा बाबा घेऊन आले. बाबाची रीत अशी: परातीत कन्हान नदीची चाळलेली वाळू पसरायची. संशयिताने तीत उभं राहायचं. त्याच्या पायाखालची ओंजळभर वाळू मुशीत घालायची, वर बाबाने आपल्या हाताने चिमूटभर अंगारा टाकायचा, आणि टालीतल्या कवडू लोहाराच्या भट्टीत मूस ठेवून भाता ओढायचा. निर्दोष असला तर वाळू वाळूच राहील. दोषी असला तर रडेल.

सकाळी चंपतराव स्वतः उभे राहिले. बाबाने पुढ्यातल्या कटोऱ्यातला अंगारा टाकला. वाळू वाळूच. रुपराव उभा राहिला. वाळू वाळूच. मग बाबाने डोळे मिटले, अंगाला झटका दिला आणि ओळीत उभ्या केलेल्या पंधरावीस जणांतून नेमकं पंचफुला काचारणीवर बोट ठेवलं.

"याच हातांनी आग लावली!" बाबा आता सांगत होता. "सूर्य डोक्यावर आला की हेच हात भट्टीत घाला. विद्या जळेल, हात राहतील!"

भट्टीत घातलेले हात कसे राहतील, हे चारपाचशेंतल्या एकानेही विचारलं नाही. बाबाने चेटूक बांधायचं म्हणून कमरेचा बटवा सोडला आणि त्यातला मूठभर अंगारा पंचफुलाच्या फुटलेल्या तोंडावर फेकला.

ती किंचाळली. मार खाताना किंचाळली नव्हती तशी.

"खार! माय वं, खार आहे हा! पापडखार!"

लोक खदाखदा हसले. "मरून राहिली अन् हिले पापड सुचून राहिले!" कुणीतरी म्हणालं आणि आणखी एक फळी तिच्या पाठीवर बसली.

कुसुमताईंनी मुलींना आत ढकललं, दार लोटलं. शाळेच्या शिपाईणीला पोलीस चौकीवर पिटाळलं. ती लगेच परत आली. चौकीचा शिपाई म्हणे, धर्माच्या कामात सरकार पडत नाही, आणि म्हणताना त्याच्या हातात बाबाच्या प्रसादाचं खोबरं होतं.

वर्गात दोघीतिघी रडत होत्या. बाहेरचे आवाज खिडकी लावली तरी आत येत होते.  कुसुमताईंना धावत जावं असं वाटत होतं, आणि पाय जागचे हलत नव्हते. तेवढ्यात पहिल्या बाकावरची प्रेमिला उभी राहिली.

"बाई, तुम्हीच सांगितलं होतं नं, काच वाळूची होते म्हणून? मंग वाळूची काच झाली तं पंचफुलामावशीले काहून मारून राहिले?"

मागच्या सोमवारी पदार्थपाठाच्या तासाला बाईंनी खरंच सांगितलं होतं. पुस्तकातलं एक वाक्य वाचलं, मुलींनी माना डोलावल्या, तास संपला. आज त्या वाक्याच्या पोटात काय आहे ते सांगायची वेळ आली.

"वाळू म्हणजे काय गं?" कुसुमताई म्हणाल्या.  "गारगोटीचा चुरा. नदी दगडावर दगड घासते, घासते, त्याची वाळू होते. एक कण हातावर घेऊन पाहिला तर साखरेसारखा दिसतो. पण साखर तव्यावर वितळते. वाळू वितळते का?"

"नाही."

"फार हट्टी असते ती. कवडूच्या भट्टीत लोखंड लाल होतं, मऊ होतं, पण वाळू ढिम्म हलत नाही. तिला एकटीला वितळवायचं तर कितीतरी मोठी आग पाहिजे. मग काचार लोक काय करतात? तिच्यात खार कालवतात. लोणारच्या तळ्यातून येतो तो, आपण पापडात घालतो तो. खार आधी वितळतो आणि वाळूच्या कणाला बिलगतो. खेळायला न येणारी पोरगी मैत्रिणीने हात धरला की कशी येते? तशी वाळूही मग येते. दोघींचा मिळून गुळासारखा पाक होतो. ओढला तर तार निघते, फुंकला तर फुगतो, ओतला तर पसरतो."

"अन् निवला तं चिक्कीसारखा कडक!" मागून एक जण रडता रडता म्हणाली.

"बरोबर. तीच काच. त्यात थोडा चुना घालतात, नाहीतर काच पाण्यात हळूहळू गळून जाते. आणि दमाने निववतात, नाहीतर तडकते. झालं. यात मंत्र कुठे आला?"

बाहेर काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. लाकूड की हाड, कळलं नाही.

प्रेमिला अजून उभीच होती. मुलगी हुशार, आणि हुशार मुलीसारखीच बसायचं नाव घेत नव्हती. "मंग चंपतकाकाच्या वाळूची काहून नाही झाली?"

"कारण त्यांच्या मुशीत..." कुसुमताई बोलता बोलता थांबल्या. खार नव्हता. बाहेर पंचफुला फुटक्या तोंडाने काय ओरडली होती? सगळा गंज ज्यावर हसला, तेच एक खरं बोलणं होतं. अंगारे दोन होते! एक कटोऱ्यातला, एक बटव्यातला.

दारात प्रेमिलाची आजी रुखमाबाई येऊन उभी होती, नातीला न्यायला. अर्ध्या गंजाचे पापड हिच्याच हातचे. कुसुमताईंनी तिचा दंड धरला.

"रुखमाबाई, चला माझ्याबरोबर. तुमची जीभ पाहिजे."

"माही जीभ? पन्नास वर्ष झाले, गप राह्य म्हणून राहिले सारे. आज पाह्यजे काहून?"

"चला तर."

गर्दीत शिरणं म्हणजे तापलेल्या तेलात हात घालणं होतं. सूर्य चढत चालला होता. कवडूचा भाता फुसफुसत होता. पंचफुलाच्या दोन्ही हातांना दोरी बांधून ती दोघांनी ताणून धरली होती. कुसुमताई तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या तोच तिच्यासाठी निघालेला लाकडाचा ढलपा त्यांच्या भुवईवर बसला. डोळ्यात रक्त उतरलं. ते पुसायला हात वर गेला, आणि वर गेलेला हात बघून लोक क्षणभर थबकले. तेवढा क्षण पुरला.

"मी फेरमाप मागते!" कुसुमताई ओरडल्या.

हा शब्द दुसऱ्या कुठल्या बाजारात उच्चारला असता तर लोकांनी त्यांनाही ओंडक्याला बांधलं असतं. पण हे लकडगंज. इथे मापाबद्दल शंका आली की फेरमाप मागता येतं, दोन्ही बाजूंच्या डोळ्यांसमोर दोरी पुन्हा लागते, आणि ते नाकारणाऱ्या व्यापाऱ्याच्या दारात दुसऱ्या दिवसापासून गाडी उभी राहत नाही. बापाला खोटं म्हटलं तरी चालेल, फेरमापाला नाही म्हणता येत नाही.

"बाई, हे काय लाकूड आहे?" चंपतराव म्हणाले.

"माप तुमच्याच टालीत झालं, तुमच्याच साक्षीने झालं. जिचं झालं तिच्यातर्फे मी मागते. नाही म्हणता? म्हणा. सगळा गंज ऐकतोय."

चंपतरावांनी इकडेतिकडे पाहिलं. इतर टालींचे मालक त्यांच्याकडेच बघत होते. चेटकिणीबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. फेरमापाबद्दल मात्र होतं.

"होऊ द्या," चंपतराव म्हणाले.

"देवाच्या कामाले फेरमाप?" बाबा उसळला. "भस्म हो जाओगी, बाई!"

"भस्मच पाहिजे, बाबा. कमरेच्या बटव्यातलं."

बाबाचा हात बटव्याकडे गेला. त्याआधी कवडूने भाता सोडून त्याचं मनगट धरलं. बाबाने आपला लोखंडी चिमटा उपसून कवडूच्या हातावर हाणला, एकदा, दोनदा, कातडं सोलून निघालं. लोहाराची पकड ती. सुटली नाही.

रुखमाबाईने आधी कटोऱ्यातली चिमूट जिभेवर ठेवली. "हे गोवरीची राख." मग बटव्यातली ठेवली. तोंड वाकडं झालं आणि ती थू करून थुंकली. "हा लोणारचा खार! पन्नास वर्ष पापड लाटून राहिली मी. झोपेत चाटवला तरी सांगीन."

कवडूने ती पूड बोटांत चोळली आणि त्याचा चेहरा उतरला. "अन् याच्यात टाकणखारही आहे. लोखंडाले लोखंड जोडाले मी हाच टाकतो. माह्या भट्टीत मूस गेली, मीच भाता ओढला, अन् पाह्यलं नाही मी. देवाचं म्हणून पाह्यलं नाही."

"आता पाहा," कुसुमताई म्हणाल्या. "दोन मुशी घ्या. एकीत पंचफुलाच्या पायाखालची वाळू, वर कटोऱ्यातला अंगारा. दुसरीत बाबांच्या पायाखालची, वर बटव्यातला. बाबा तर पुण्यवान. त्यांची वाळू कशाला रडेल?"

बाबाला परातीत उभं करायला चौघे लागले.

अर्धा तास भाता चालला. तो अर्धा तास बघण्यासारखा होता. हातातला दगड टाकावा तर आपण चुकलो असं दिसेल, धरून ठेवावा तर हात दुखतो, म्हणून लोक तो या हातातून त्या हातात करत होते. सूर्य डोक्यावर आला. पंचफुलाच्या नाकातून रक्ताचा बुडबुडा येत जात होता, म्हणजे श्वास चालू होता. कुसुमताई तेवढंच मोजत होत्या.

पहिली मूस उपडी झाली. भस्सकन वाळू सांडली. काळपट, कोरडी, वाळूच.

दुसरी उपडी झाली. काही पडलं नाही. कवडूने आत लोखंडी सळी घातली आणि हळूच वर ओढली. सळीच्या टोकाला हिरवट तार आली. हातभर लांब, केसासारखी बारीक, उन्हात झगमगणारी. मग ती टचकन तुटली.

"हा बघा चेटकिणीचा डोळा," कुसुमताई म्हणाल्या. "बाबांच्या पायाखालून निघाला. वाळू, खार आणि आग. तिघं भेटले की काच होते, पाय कुणाचे का असेनात."

 आणि मग दगड आला. पहिला दगड पुन्हा रुपरावानेच मारला.

या वेळी तो बाबाच्या दातांवर बसला. हातांना सकाळपासून सवय लागलेलीच होती, फक्त तोंड फिरवायचं होतं. त्याच फळ्या, तीच पायताणं. बाबाच्या नडगीवर ओंडक्याची पाचर बसली आणि पाय गुडघ्याखाली नको त्या बाजूला वळला. तो कुत्र्यासारखा केकाटला. कुसुमताई "थांबा, थांबा" म्हणत मध्ये पडल्या तर त्यांनाच दोन रट्टे बसले.

"घाला याचेच हात भट्टीत!" चंपतराव ओरडले. आपण हा बाबा आणला हे लोकांच्या ध्यानात यायच्या आत त्यांना हे उरकायचं होतं.

बाबाला उचललं. त्याची बोटं निखाऱ्यापासून वीतभर राहिली.

"कवडू! पाणी!" कुसुमताईंनी जीव खाऊन हाक मारली.

तापलं लोखंड विझवायची दगडी डोणी भट्टीला लागूनच होती. कवडूने तिला खांदा लावला आणि अख्खी डोणी भट्टीवर उलटवली. स्फोट व्हावा असा आवाज झाला, टालीवरचे कावळे उडाले. राख, वाफ, काळा चिखल. कुणाचं तोंड भाजलं, कुणाचे हात. वाफ निवळली तेव्हा भट्टी काळी पडली होती, आणि भट्टीच विझल्यावर काय करायचं ते कुणाला सुचलं नाही. लोक धोतराला हात पुसत पुसत घरी जेवायला गेले.

दोऱ्या सोडल्यावर पंचफुला भट्टीच्या ओट्याला टेकून बसली. तिच्या शेजारी, दोन हात अंतरावर, पाय मोडलेला बाबा पडला होता. कुसुमताई तिच्या तोंडातला खार पाण्याने धूत होत्या.

"तुझंच नाव का घेतलं गं याने?"

पंचफुलाने एका डोळ्याने बाबाकडे पाहिलं. दुसरा उघडत नव्हता. "माह्या बापाची बांगड्याची भट्टी होती, बाई. फिरोजाबादच्या कारखान्यातला माल आला, भट्टी बंद पडली. पण काच कशी होते ते मले येते. परवा याच्या गळ्यात असाच हिरवा मणी पाह्यला. म्हटलं, बाबा, काच तं बरी काढली गा, पण चुना टाकाचा विसरले. पाण्यात गळून जाईन हे." ती थांबली. "हसली मी जरा. तेवढंच."

अख्ख्या गंजात ज्या एका माणसाला बाबाची विद्या येत होती, बाबाने बोट नेमकं तिच्यावर ठेवलं होतं. देवाचा कौल इतका नेमका लागला की कौल लावणाऱ्याची गरज काय होती ते शोधावं.

पंधरा दिवसांनी गंजात पुन्हा आग लागली, भरदुपारी. रुपराव भुशाच्या ढिगावर चिलीम झाडताना दहा जणांनी उघड्या डोळ्यांनी पाहिला. पहिला दगड इतक्या घाईने का आला होता, त्याचाही उलगडा झाला.

पंचफुला जगली. उजव्या कानाने तिला पुढे कधी ऐकू आलं नाही, आणि डाव्या हाताची दोन बोटं सरळ झाली नाहीत. सुट्टीनंतर शाळा उघडल्यावर कुसुमताईंनी तिला वर्गात बोलावलं. तिने दोन तांबे आणले होते, पाण्याने भरलेले. महिन्यापूर्वी एकात बाबाचा 'चेटकिणीचा डोळा' टाकला होता, दुसऱ्यात तिच्या बापाच्या हातच्या बांगडीचा तुकडा. प्रेमिलाने हात घालून दोन्ही बाहेर काढले. बांगडीचा तुकडा लख्ख होता. डोळा झिजून अर्धा झाला होता, पांढुरका, शेंबडासारखा बुळबुळीत.

"ई!" मुली ओरडल्या.

"चुना नाही नं त्याच्यात," पंचफुला म्हणाली. "अर्धवट काचार."

त्याच संध्याकाळी चंपतरावांचा माणूस शाळेच्या दारात आला. मालकांनी विचारलंय, त्या डोळ्याचा उरलेला तुकडा मिळेल का? नातवाला ताईत करायचा आहे. कुसुमताईंनी मापाऱ्याच्या डोळ्याने त्याला खालून वर पाहिलं आणि तांब्यातलं पाणी, त्यात परत टाकलेल्या तुकड्यासकट, त्याच्यासमोरच गटारात ओतलं.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही गंजात कधीतरी कुणीतरी वाळूची काच करून दाखवील. वाळू असेल, राख असेल, नाहीतर आणखी काही. पाहा जरूर, डोळे भरून पाहा, काच होते ही गोष्ट खरीच आहे आणि कुठल्याही मंत्रापेक्षा नवलाची आहे. फक्त हात जोडायच्या आधी आणि दगड उचलायच्या आधी विचारा, यात कालवलंय काय? आणि त्या वेळी एखादी फुटक्या तोंडाने उत्तर ओरडून सांगत असेल, तर हसू नका. ऐका.